शेवटच्या पानापासून हिंदुस्थान

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

नारायणगुडा, हैदराबाद (दक्षिण)
बुधवार, ता. १७ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप हिम्मतराव दाजी यांच्या पायांशी धाकट्या मेहुण्याचा, एकनाथाचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. ती. कुसुमताईलाही तसाच सांगावा. आपला गुडघा आता कसा आहे? तेल कोमट करून लावता की ताई ओरडेपर्यंत तसेच बसून राहता? ज्वारीला यंदा पाऊस पुरला का? चि. दौलतला नांदेडच्या शाळेत करमते का? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (हे वाक्य लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. पुढचा मजकूर वाचताना ते फारसे मनावर घेऊ नये.)

पत्रास उशीर झाला म्हणून राग मानू नये. आपणच मागे लिहिले होते की आता आपले राज्य आले, तेव्हा यापुढे पत्रे मराठीत, बाळबोध अक्षरांत आली पाहिजेत. त्याप्रमाणे लिहितो आहे आणि दर ओळीला थांबतो आहे. माझे शिक्षण सारे उर्दूत, एकोणीस वर्षांची नोकरी उर्दूत. उर्दू लिहायला बसलो की हात उजवीकडून डावीकडे असा धावतो की मजकूर सांगणारा साहेब धापा टाकतो. मराठी बोलण्यात मी कोणाला हार जाणार नाही हे आपण जाणताच, पण लिहायला घेतली की पहिलीतल्या पोरासारखी जीभ बाहेर येते. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा हिच्यातूनच झाला आहे.

येत्या एक तारखेला आमचे हैदराबाद राज्य संपते हे आपल्यासारख्या तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला मी काय सांगावे! आपला मराठवाडा मुंबईकडे, तेलंगणा आंध्राकडे, आणि रायचूर-गुलबर्गा वगैरे म्हैसूरकडे. राज्याचे तीन तुकडे होतात म्हटल्यावर दफ्तरांचेही होणार आणि दफ्तरांतल्या माणसांचेही. आमच्याकडे गेले दोन महिने हेच चालले आहे. कपाटे, टेबले, पंखे यांच्यावर रंगीत खडूने खुणा केल्या आहेत. मुंबईला जाणाऱ्यावर लाल, इथेच राहणाऱ्यावर पांढरी आणि म्हैसूरला जाणाऱ्यावर पिवळी. माझ्या टेबलावर श्रावणापर्यंत पांढरी खूण होती. मी रोज सकाळी आल्यावर ती पाहून घेत असे आणि मगच टोपी खुंटीला लावत असे. आज त्या टेबलावर पिवळी खूण आहे, दाजी. मी ती एकदा ओल्या रुमालाने पुसूनही पाहिली. दुपारी पुन्हा होती.

हे कसे झाले ते सांगतो. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरसाल व्याख्यानमाला असते. यंदा तिसऱ्या दिवशी ‘भारतीय संस्कृतीची महती’ या विषयावर पुण्याकडचे एक प्राध्यापक यायचे होते. त्यांची तार आली की घसा बसला आहे. चिटणीस उत्तमराव (यांचे अफझलगंजात कापडाचे दुकान आहे, आपण गेल्या वेळी तिथूनच धोतरजोडी घेतली होती) धावत माझ्याकडे आले. का, तर मी हॉटेलात चहा पिताना मोहेंजोदडोच्या गटारांबद्दल नेहमी बोलतो म्हणून. आता बोलतो हे खरे. पाच हजार वर्षांपूर्वी ज्यांच्या घराघरातून झाकलेली गटारे होती त्यांचे आपण वंशज, आणि आमच्या गल्लीतले गटार मात्र उघडे, हे मनात आले की मला राहवत नाही. पण चहापुढे बोलणे वेगळे आणि सहाशे माणसांपुढे बोलणे वेगळे. मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात उत्तमराव म्हणाले की अध्यक्षस्थानी आपले अप्पाराव साहेब आहेत. अप्पाराव साहेब म्हणजे आमच्या दफ्तराचे मोठे अधिकारी, तेलुगू गृहस्थ, पण मराठी उत्तम समजते; आणि कोणाच्या टेबलावर कोणता खडू ओढायचा ते त्यांच्याच हातात. मी हो म्हणालो. साहेबांच्या डोळ्यांत भरावे एवढाच हेतू होता, आणि मी असा भरलो की आता निघता येत नाही.

चार दिवस अफझलगंजच्या मोठ्या पुस्तकालयात बसून टिपणे काढली. खरे सांगतो दाजी, ते चार दिवस फार सुखाचे गेले. वाचता वाचता छाती फुगून सदऱ्याची गुंडी ताणली जात होती. आणि एक वाईटही वाटत होते. आजवर वेरूळ माझे होते, वरंगळचा किल्ला माझा होता, बिदरचा तो रंगीत फरशांचा मदरसाही माझाच होता. कोणी पाहुणा आला की मी सगळ्यांबद्दल सारख्याच मिजाशीने सांगत असे. आता आमच्या लोकांत भांडण असे की सातवाहन कोणाच्या यादीत घालायचे. उत्तमराव म्हणतात पैठणचे म्हणून आमचे, अप्पाराव साहेब म्हणतात आंध्र म्हणून आमचे. दोन हजार वर्षे झाली त्यांना जाऊन, त्यांची तरी बदली करू नये. तर मी ठरवले की व्याख्यानात हे सारे सांगायचे. कोणतीही रेघ ओढा, वारसा वाटला जात नाही असे ठणकावायचे. आणि तसे लिहूनही काढले. कशात? शब्द मराठी, अक्षरे उर्दू. आपल्या संस्कृतीची महती उर्दू अक्षरांत लिहिली म्हणून आपण नाक मुरडू नये. ज्या लिपीने माझ्या घरात एकोणीस वर्षे चूल पेटवली तिला परकी कसे म्हणू?

फुलस्कॅप कागद दुमडून चाळीस पानांची वही केली होती. उर्दू वही उजवीकडून उघडते, म्हणजे मराठी वहीचे जे शेवटचे पान ते तिचे पहिले. आमच्या मंडळाची रीत अशी की व्याख्यानाची वही सकाळी गणपतीपुढे ठेवायची आणि वक्त्याने ती संध्याकाळी मंचावरच, सर्वांदेखत, देवापुढून उचलायची. उत्तमरावांच्या पत्नी तारामतीबाई सोलापूरच्या. त्यांचा उर्दूशी संबंध नाही. त्यांनी मोठ्या हौसेने वहीला केशरी कागदाचे वेष्टण घातले, वरच्या अंगाला मराठीत सुंदर अक्षरांत विषयाचे नाव लिहिले, हळदकुंकू वाहिले. पण हे सगळे त्यांच्या दृष्टीने जी पहिली बाजू, तिच्यावर. माझ्या दृष्टीने ती शेवटची.

संध्याकाळी मी मंचावर चढलो. वही उचलून कपाळाला लावली, नाव दिसले त्या बाजूने उघडली, आणि समोर जी ओळ दिसली ती खणखणीत आवाजात वाचली. ती ओळ अशी होती: तेव्हा बंधुभगिनींनो, आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत याबद्दल आभार मानून मी आपली रजा घेतो. मागच्या रांगेतला एक जण खरोखरच उठून चपला शोधू लागला.

त्या क्षणी वही उलटी करायला हवी होती, हे आता मला रोज पहाटे सुचते. तेव्हा सुचले ते एवढेच, की उलटी केली तर हळदकुंकवाची बाजू खाली जाणार, तारामतीबाई समोर पहिल्याच सतरंजीवर बसलेल्या, त्यांना वाईट वाटणार, आणि साऱ्या मंडपाला कळणार की या माणसाला मराठी लिहायचा कंटाळा आहे. म्हणून वाचत गेलो. पान उलटले की आधीचे पान येई. पंधरा ऑगस्टपासून सुरुवात झाली आणि हिंदुस्थानचा सगळा इतिहास मागे मागे चालू लागला. अशोकाला आधी पश्चात्ताप झाला आणि मग त्याने कलिंगावर स्वारी केली. आमचे व्यापारी जावा-सुमात्राहून सोने घेऊन घरी परतले आणि त्यानंतर गलबतात बसले. घामाने सदरा पाठीला चिकटला. समोर कोणी हसत नव्हते, म्हणून तर जास्तच भीती वाटत होती.

पण दाजी, एक चमत्कार झाला आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला. माझ्या वहीत हंपीची आधी राख झाली आणि पुढच्या पानावर तिच्या बाजारात मोत्यांच्या राशी पडल्या. नालंदा जळाली आणि मग तिथे हजारो विद्यार्थी शिकायला येऊन बसले. मूर्ती फुटल्या आणि नंतर शिल्पकारांनी छिन्नी हातात घेतली. दत्तोबा मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत, ते नंतर माझे दोन्ही हात धरून रडले. म्हणाले की आजवर ज्याने त्याने आम्हाला सगळे कसे मोडले तेच शेवटी सांगून घरी पाठवले, तुम्ही पहिले, की ज्यांच्या व्याख्यानात सगळे शेवटी उभे राहिले. लोकांना वाटले की मी हे मुद्दाम योजले होते. (मी तसे वाटू दिले. यात खोटे काही बोललो नाही, फक्त मान जरा खाली घातली.)

एवढ्यावर भागले असते तर मी आज सुखात असतो. पण शेवटी काय आले? माझे पहिले पान. आणि व्याख्यानाच्या पहिल्या पानावर माणूस काय लिहितो हे आपल्याला ठाऊकच आहे. मी लिहिले होते की मी एक साधा अहलकार, कचेरीतला कारकून, माझी योग्यता ती काय, पण हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत ही सारी भूमी माझे घर आहे, तिच्या कोणत्याही कोपऱ्यात मला पाठवा, मी हसत जाईन. आरंभी असे बोलायचे असते. गळा साफ होईपर्यंतचा तो मजकूर. तेवढ्यावर कोणी वळकटी बांधत नाही. पण मोहेंजोदडोच्या गटारांपर्यंत भारावून आलेल्या सहाशे लोकांपुढे, व्याख्यानाचे शेवटचे वाक्य म्हणून ते आले आणि मंडप उठून उभा राहिला. शपथ घेतल्यासारखे झाले. अप्पाराव साहेबांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात ते वाक्य चौकटीत आले.

पुढच्या सोमवारी साहेबांनी खोलीत बोलावले. टेबलावर म्हैसूरची यादी होती आणि तिच्यात रायचूरच्या कचेरीपुढची एक जागा कोरी. म्हणाले, “यां सबके सब नक्को नक्को बोल रहें, एकनाथराव. किसी की अम्मा बीमार, किसी का दम फूलता. तुम एकीच मर्द निकले जो हौ बोले.” आणि माझ्या देखत, माझे नाव, मोठ्या वळणदार अक्षरांत. मी काही बोलणार तोवर त्यांनी माझा हात हातात घेतला. दाजी, मोठा साहेब आपला हात हातात घेऊन बसला असताना तो हात सोडवून नक्को कसे म्हणावे हे मला कोणत्याही शाळेत शिकवलेले नाही.

तरी मी स्वस्थ बसलो नाही. तीन दिवसांनी धीर करून वही घेऊन गेलो. म्हटले साहेबांनाच दाखवावे, की हे पाहा, वही उलटी वाचली गेली, ते वाक्य शेवटचे नव्हते. साहेबांना उर्दू माझ्याइतकेच येते. त्यांनी वही घेतली, बरोबर उजवीकडून उघडली, आणि पहिल्याच पानावर माझ्या हस्ताक्षरात ते वाक्य. चष्मा सारखा करून ते पुन्हा वाचले आणि म्हणाले, मला वाटले होते तुम्ही व्याख्यानाच्या भरात बोलून गेलात; तुम्ही तर आधी ठरवून, लिहून आला होता. त्यांनी ती वही यादीला जोडून ठेवली आहे.

मग नामपल्लीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. म्हटले छातीत धडधड होते (ती होतेच आहे), रायचूरचा उन्हाळा सोसणार नाही असा दाखला द्या. डॉक्टरांनी नळी छातीला लावली, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ओळखले. ते व्याख्यानाला होते. त्यांनी माझ्या छातीवर थाप मारून सांगितले की ही छाती अशीच धडधडली पाहिजे. फी घेतली नाही. दाखला मात्र दिला. हिंदुस्थानात कोठेही नोकरी करण्यास हा इसम सर्वस्वी लायक आहे, असा. तो मी कोटाच्या अस्तरात दडवून ठेवला आहे.

गेल्या रविवारी दसरा झाला. आपट्याची पाने द्यायला गल्ली लोटली. जो तो हसून म्हणे की एकनाथरावांचे यंदाचे सीमोल्लंघन खरे. मीही हसलो. दिवसभर हसून गाल दुखले. आता येत्या रविवारी मंडळातर्फे माझा सत्कार आहे, शाल आणि श्रीफळ. उत्तमरावांनी पत्रिका छापल्या आहेत, त्यांत माझ्या नावामागे ‘त्यागी’ असे घातले आहे.

आता आपण विचाराल की एवढे झाले तर तुझे स्वतःचे मत काय. माझे म्हणाल तर मला काडीची हरकत नाही. देशासाठी आपण निजामाच्या तुरुंगात भाकरी खाल्ली, मी रायचूरला जाऊ शकत नाही? पण प्रश्न आहे तो सौ. मालनचा. लग्न होऊन आली ती याच नारायणगुड्यात, शेजारच्या तेलुगू बायकांत इतकी मिसळली आहे की तिचे भांडणही आता त्याच भाषेत होते. आमच्या चि. जयवंताचे मॅट्रिकचे वर्ष. मालन काही बोलत नाही, नुसती कामे करते, आणि ती बोलत नाही म्हणजे किती खचली असेल याची आपण कल्पना करावी. मला तिच्याकडे पाहवत नाही. शिवाय तिकडे कानडी. बेचाळिसाव्या वर्षी नवी अक्षरे गिरवायची, कोवळ्या पोरांना विचारून अर्ज लिहायचे, आणि ज्या हाताची साहेब लोक तारीफ करत त्या हाताला कोणी काम देणार नाही, हे (मी दुसऱ्या एका अहलकाराबद्दल लिहितो आहे) माणसाला आतून पोखरते. मला भीती वाटते, दाजी. ही शेवटची ओळ खोडायची होती. खोडली आहे असे समजावे.

तर असे आहे. मला कोणाकडून काही नको. आपल्या कानावर घालावे, मन हलके करावे, एवढ्यासाठीच हे पत्र. ताईने कैरीचे लोणचे पाठवायचे म्हटले होते, त्याची घाई नाही. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
एकनाथ

ता. क. लिहायचे राहिले. आपल्याबरोबर तुरुंगात जे होते त्यांपैकी दोघे सध्या मंत्रिमंडळात बसतात असे ऐकतो. सहज भेट झाली तर रायचूरच्या यादीचा विषय काढता येईल का? एक तारखेला पंधराच दिवस उरले आहेत. पोस्टाने न लिहिता आपण स्वतः आलात तर बरे. गुडघ्यासाठी इथे एक चांगले हकीमही आहेत.

ता. क. दुसरे. नाव यादीतून निघावे, पण मी काढवले असे दिसू नये. शक्य तर असे दिसावे की मी जायला निघालो होतो आणि सरकारनेच मला सोडले नाही. तेही रविवारच्या सत्कारानंतर झाले तर उत्तम, कारण भाषण लिहून झाले आहे. या वेळी मराठीत लिहिले आहे.

ता. क. तिसरे. हे सर्व केवळ मालनसाठी आहे, हे ताईला नीट समजावून सांगावे.

दाजी, मी मालन. नमस्कार. वन्संनाही सांगा. पाकिटाला खळ लावायला पत्र माझ्याकडं दिलं आणि हे कचेरीत गेले, म्हणून खाली चार ओळी लिहिते. अक्षर असंच आहे. माझ्या नावावर सगळं घातलंय ते वाचलं. माझ्या ट्रंका दसऱ्याच्या आधीच भरून झाल्यात. जयवंताला वर्षभर शेजारच्या अम्मा ठेवून घेणार आहेत, तेही बोलून झालंय. मी काही बोलत नाही ते यासाठी, की मी तयार आहे असं कळलं तर यांना आडोसा घ्यायला कोणी उरणार नाही. रडतात ते हे. न्हाणीत नळ सोडून रडतात, बादली भरून वाहते तरी नळ बंद करत नाहीत. तुमचं वजन असेल तर नाव काढवा, मला आनंदच होईल. पण नाहीच जमलं, तर जमलं नाही असं लिहू नका. तिकडं देशाला तुझ्यासारख्या माणसाची गरज आहे, म्हणून सरकार ऐकेना, असं लिहा. ते खरं मानतील.